सुतारकाम त्यांचं, धूळ आपली!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणी केक शिकलं, कुणी कुंड्यांत मेथी लावली आणि बऱ्याच घरांतल्या पुरुषांनी हातात करवत घेतली. लॉकडाऊन संपला, करवत मात्र राहिली! गच्चीवरच्या खोलीत, पार्किंगच्या कोपऱ्यात, अगदी ड्राय बाल्कनीतसुद्धा छोटी छोटी 'वर्कशॉप्स' थाटलेली दिसतात. आमच्याकडेही आहे. ह्यांनी केलेलं चपलांचं कपाट झकास आहे, तक्रार अजिबात नाही. पण सँडर सुरू झाला की सासूबाई आतून ओरडतात, "अगं, कणीक चाळल्यासारखं झालंय सगळीकडे!"

मग घरात चर्चा सुरू होते, धूळ ओढणारं मशीन घ्यायचं का? आणि कुठलं? ही खरेदी आपण त्यांच्यावर सोपवून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, सोपवू नका. कारण त्यांचं काम तासाभरात आटपतं. त्यानंतर केरसुणी घेऊन त्या धुळीत वाकणारी बहुधा आपणच असतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. रंध्यातून निघणारे कुरळे छिलके आणि करवतीचा जाडसर भुसा दिसायला पसारा वाटतो, पण तो जमिनीवर पडतो, झाडला की संपला. खरा त्रास सँडर आणि राउटरमधून उडणाऱ्या पिठासारख्या धुळीचा. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. ही धूळ त्यातल्या दहा मायक्रॉनपेक्षाही बारीक असली तर तासन् तास हवेत तरंगते आणि श्वासावाटे आत खोलवर जाते. एमडीएफ कापताना तर ती फारच बारीक उडते आणि त्यात फॉर्मल्डिहाइड असलेला डिंकही असतो. सागवानाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं.

हा बाऊ नाही. इंग्लंडमध्ये हाय वायकोम्ब नावाचं खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एरवी दुर्मिळ असणारा कॅन्सर जास्त दिसतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. अर्थात ते कारागीर वर्षानुवर्षं दिवसभर त्या धुळीत असत. रविवारी दोन तास काम करणाऱ्याला इतका धोका नाही. पण दम्याचा पेशंट किंवा लहान मूल घरात असेल, तर त्या दोन तासांचाही विचार करायलाच हवा.

आता मशीन. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "वहिनी, किती लिटरचा ड्रम दाखवू?" लिटर म्हणजे फक्त कचरा किती मावेल ते. आपण विचारायचं, "फिल्टर किती मायक्रॉनचा?" नुसती कापडी पिशवी असलेल्या स्वस्त मशीनमध्ये भुसा पिशवीत साठतो आणि बारीक धूळ कापडातून गाळून पुन्हा खोलीत येते. म्हणजे जी अडवायची, तीच बाहेर! फिल्टर एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक अडवणारा हवा. हेपा मिळाला तर उत्तमच, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. ब्रिटनमध्ये लाकडाच्या धुळीसाठी 'एम क्लास'चं मशीन वापरायला सांगतात. आपल्याकडे ते महाग पडतं, पण डब्यावर तसं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ माहीत असावा.

दुसरं, घरात कुठली हत्यारं आहेत? सँडर, जिगसॉ, ट्रिमर एवढंच असेल तर ओला-सुका कचरा ओढणारा ड्रमवाला व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. त्याची नळी अरुंद पण ओढ जोरकस असते, ती थेट सँडरच्या मागच्या तोंडाला लावायची. नळीचं तोंड आणि हत्याराचं तोंड जुळतं का, हे सँडर सोबत नेऊन दुकानातच पाहावं. नाहीतर घरी चिकटपट्टीचे प्रयोग सुरू होतात. टेबल सॉ किंवा रंधा मारायचं मोठं मशीन असेल, तर मात्र हा व्हॅक्यूम अपुरा. तिथे चार इंची नळीचा डस्ट कलेक्टर लागतो, मिनिटाला साडेतीनशे-चारशे घनफूट हवा ओढणारा. त्याला अरुंद किंवा लांबच लांब नळी जोडली की त्याची ताकद वाया जाते. व्हॅक्यूमची मोटार कर्कश असते, हेही दुकानात चालू करून ऐका. दुपारी दोन ते चार शेजारच्या आजी झोपतात!

आणि एक स्वस्त वस्तू सुचवते, सायक्लोन. प्लॅस्टिकचं शंकूसारखं भांडं असतं, ते झाकणाच्या बादलीवर बसवायचं. हवा त्यात गोल फिरते, जड भुसा खाली बादलीत पडतो आणि मशीनकडे फक्त बारीक धूळ जाते. फिल्टर लवकर तुंबत नाही. तुंबलेल्या फिल्टरचं मशीन नुसतं ओरडतं, ओढत काहीच नाही.

आमच्या कामाच्या वस्तीत एक कुटुंब देव्हारे करतं. एकाच खोलीत पुढे सुतारकाम, मागे चूल, मधे पाळणा. तिथे हा विषय छंदाचा नाही. त्या बाईने बचत गटातून कर्ज घेतलं, ते नवऱ्याला नवीन कटर हवा होता म्हणून. पण गटात हिशेब मांडताना तिने स्पष्ट सांगितलं, "आधी धूळ ओढायचं मशीन, मंग कटर." जुना ड्रमवाला व्हॅक्यूम, नवा फिल्टर आणि बादलीवरचा सायक्लोन एवढ्यात भागलं. घासकाम आता बाहेर, पत्र्याच्या शेडखाली होतं. नवरा चिडला होता, दोन महिने. मला तिचा हिशेब बऱ्याच शिकलेल्या घरांपेक्षा पक्का वाटला.

मशीन आलं तरी काही गोष्टी उरतातच. सँडिंग करताना एन-९५ मास्क हवाच. तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही. काम झाल्यावर कोरडी केरसुणी मारायची नाही, बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसायचं. मशीनची हवा खिडकीबाहेर सोडणार असाल तर खालच्या मजल्यावरचे पापड-कुरडया आधी बघा! पिशवी रिकामी करताना सर्वांत जास्त धूळ उडते, म्हणून ते काम उघड्यावर, मास्क लावून आणि ज्याने सुतारकाम केलं त्यानेच करायचं. प्लायवूड-एमडीएफचा भुसा कुंड्यांत घालू नका, चुलीतही नको, त्यात डिंक असतो. आमच्याकडे तो गोणीत भरून ह्यांनीच खाली न्यायचा, असं ठरलंय.