साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही

चिखली-मेहकरकडच्या एखाद्या आरोग्य केंद्राच्या ओसरीवर पोटुशी लेक पेला घेऊन बसलेली दिसते. ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज. जेवून आली असली तरी चालतं. पेला पाच-दहा मिनिटांत संपवायचा आणि दोन तास थांबायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त निघाली, तर गरोदरपणातला मधुमेह. दोन जिवांच्या बाईला उपाशी ठेवून एसटीने बोलवायला नको, म्हणून ही तपासणी मला फार शहाणी वाटते.

आत काय घडतं ते तर थक्क करणारं आहे. वार स्वतः संप्रेरकं सोडते आणि आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करते, म्हणजे बाळासाठी साखर रक्तात शिल्लक राहावी. बहुतेकींचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून निभावून नेतं. जिथे ते कमी पडतं, तिथे साखर चढते. ही साखर वार ओलांडते, आईचं इन्सुलिन मात्र ओलांडत नाही. मग पोटातलं बाळ आपलंच इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन लगेच ओसरत नाही. म्हणून जन्मल्यावर काही तासांत बाळाचीच साखर घसरू शकते.

बाळ किरकोळ असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या आया-बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, साऊथहॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ सारखीच!

तपासणीत साखर जास्त निघाली, तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं: भाकरी मोजून, डाळ-पालेभाजी भरपूर, शिऱ्याची वाटी बाजूला. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध किंवा इन्सुलिन. सुईचं नाव काढलं की घरात बाळाची काळजी सुरू होते. पण ते इन्सुलिन वारेपलीकडे जातच नाही.

तपासणी पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. नेमकी तेव्हाच सातव्या महिन्याची चाहूल लागते, लेक बाळंतपणाला माहेरी निघते. सासरी केलेल्या तपासणीचं कार्ड एका गावात, आशाताई दुसऱ्या गावात. ओटीच्या पिशवीत ते कार्ड आधी ठेवावं.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते, पुढे मधुमेहाचा धोका मात्र राहतो. म्हणून सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी असते. सव्वा महिना नुकताच सरलेला असतो, बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचीही तीच वेळ. एकाच फेरीत मांडीवर बाळ, हातात पेला.