विहीर आपली नव्हे, हे कर्नलला सांगताना

स्वतःची विहीर असलेला शेतकरी वीज आली की पंप सुरू करतो, विचारायचे कुणाला? वाशीम जिल्ह्यातल्या अडाण प्रकल्पाच्या कालव्यावरच्याला मात्र अर्ज करावा लागतो, पाळी धरावी लागते. संगणकातला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा विहिरीवाला. मेमरी, प्रोसेसर सारे आपलेच, असे गृहीत धरूनच तो लिहिलेला असतो.

एकाच सर्व्हरवर असे चार कर्नल चालवायचे, तर वर हायपरवायझर नावाचा पाटकरी नेमावा लागतो. इथे इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये मोठी गोम होती. अधिकार काढून घेतलेल्या कर्नलने 'पॉपएफ' या आज्ञेने इंटरप्ट बंद करू पाहिले, तर प्रोसेसर नकारही देत नसे. मुकाट दुर्लक्ष करी. कर्नल समजे काम झाले, आणि पाटकऱ्याला पत्ताच नाही!

केंब्रिज विद्यापीठाच्या 'झेन' प्रकल्पाने २००३ मध्ये सरळ उपाय केला. कर्नललाच बदलून सांगितले, विहीर तुझी नाही. अशा जागी 'हायपरकॉल', म्हणजे रीतसर अर्ज कर. हेच पॅराव्हर्च्युअलायझेशन. लिनक्समध्ये त्यासाठी सुमारे ३००० ओळींचे काम पडले, एक्स८६ साठीच्या कोडच्या दीड टक्क्याहूनही कमी. अर्थात लिनक्सचा कोड खुला, म्हणून हे जमले. ज्याचा कोड कुलपात, त्यात बाहेरच्याने हात कसा घालावा?

२००५-०६ मध्ये इंटेल व एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली आणि न बदललेले कर्नलही चालू लागले. तरी अर्जाची रीत संपली नाही. डिस्क आणि नेटवर्कसाठी 'व्हर्टआयओ' ड्रायव्हर आजही तीच वापरतात, कारण खोट्या यंत्राचे सोंग वठवण्यापेक्षा ती वेगवान पडते.