मुलाचं काय?

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाची शेकडो प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. २००१ साली सगळ्या बँकांसाठी मिळून एक आदर्श योजना आखली गेली, तेव्हापासून तर तो अर्ज मला तोंडपाठच झाला होता. फी किती, वसतिगृहाचा खर्च किती, पुस्तकं, संगणक, विमानाचं भाडं. चार लाखांपर्यंत मार्जिन नाही, त्यापुढं परदेशासाठी पंधरा टक्के पदरचे घालायचे. जामीन कोण, तारण काय, हप्ता कधीपासून. सगळ्याला रकाना होता. 'अर्जदाराला मूल आहे काय?' हा रकाना मात्र नव्हता. तो प्रश्न मी तोंडी विचारला.

ही गोष्ट २००४ सालची. मी शाखाधिकारी होते. फार्मसी कॉलेजात शिकवणारी एक बाई इंग्लंडमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं प्रवेशपत्र घेऊन आली. कागद स्वच्छ, मार्क उत्तम, तारणाला सासऱ्यांचं घर. मुलगा अडीच वर्षांचा. मी चष्मा काढला आणि विचारलं, "मुलाचं काय?" ती म्हणाली, "आधी आईकडे ठेवीन, जमलं की नेईन." मी म्हटलं, "सासूबाईंना एकदा घेऊन या, त्यांच्याशीही बोलू." सासूबाईंचा आणि कर्जाचा काय संबंध? काही नाही. पण मी तसं म्हटलं खरं. मग आणखी एक कागद मागितला, मग आणखी एक. तिच्या प्रवेशाची मुदत टळली आणि फाइल आपोआप बंद झाली.

त्यानंतर महिन्याभरात एक तरुण आला. त्याला अमेरिकेला जायचं होतं. बायको बाहेरच्या बाकावर तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. त्या बाळाचं काय, हे मी त्याला विचारलं नाही. बाळ आईजवळच असणार, त्यात विचारायचं काय! कर्ज मंजूर झालं. तो पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला.

मी स्वतः नोकरी करणारी बाई. मुलीसाठी दोनदा बढतीवर पाणी सोडलेलं, कारण बढती म्हणजे बदली. आपण जे सोसलं ते दुसरीनंही सोसावं, असं काही माझ्या मनात होतं का? हे मी स्वतःला पुष्कळ उशिरा विचारलं. म्हणजे २०२२ मध्ये, माझ्याच मुलीला लीड्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा. फोनवर तिनं बातमी सांगितली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं, "अगं, आणि छोकरीचं काय?" नात तेव्हा चार वर्षांची होती. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "आई, तू तरी अभिनंदन करायचंस आधी."

ठरलं असं, की तिघांनी जायचं. जावयांनी पुण्यातली चांगली नोकरी सोडायची. इंग्लंडच्या नियमाप्रमाणं मुलाला न्यायचं तर साधारणपणे आईवडील दोघंही तिथं हवेत. तेव्हा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला नवराबायको-मुलं नेता येत होती आणि जोडीदाराला नोकरीही करता येत होती. फक्त पैसे दाखवायचे. लंडनबाहेर माणशी महिना ६८० पौंड, असे नऊ महिन्यांचे. म्हणजे बापलेकीचे मिळून १२,२४०, त्या वेळच्या भावानं साडेअकरा लाखांवर, आणि तेही सलग अठ्ठावीस दिवस खात्यात पडून हवेत. मुलीचा स्वतःचा खर्च वेगळा. शिवाय आरोग्यसेवेचा आकार माणशी वर्षाला ४७० पौंड. शैक्षणिक कर्ज विद्यार्थिनीचं, कुटुंबाचं नव्हे. या साडेअकरा लाखांसाठी माझ्या ठेवी मोडल्या आणि मोडताना काउंटरवरच्या मुलीनं मलाच व्याजाचं नुकसान समजावून सांगितलं. गंमत वाटली.

जावयांबद्दल सोसायटीत जे बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. सार एवढंच, की बायकोच्या मागं जाणारा पुरुष. विहीणबाई मात्र खंबीर. त्या म्हणाल्या, "आमचे हे मस्कतला होते तेव्हा मी सहा वर्षं मागं राहिले, मला कुणी काही म्हटलं नाही. आता याला का म्हणावं?"

तिकडचं आयुष्य घड्याळावर चाललं. शाळेचं सोपं होतं. सरकारी शाळा फुकट, आणि इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांना दुपारचं जेवणही फुकट असतं. पण शाळा सुटते सव्वातीनला आणि मुलीचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत. हे मधले पावणेदोन तास म्हणजे सगळा संसार. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याची सोय शाळेतच होती, पण तिचे पैसे तासावर. म्हणून जावयांनी मालाच्या गोदामात रात्रपाळी धरली. सकाळी सातला यायचे, नातीला शाळेत सोडायचे, झोपायचे, तीनला गजर. डिसेंबरात लीड्सला पावणेचारला अंधार पडतो. नात फोनवर सांगायची, "आजी, बाबा मला रात्री शाळेतून आणतात."

आणि मग कांजिण्या. मुलीचं अर्ध्या गुणांचं सादरीकरण गुरुवारी, नातीच्या अंगावर फोड मंगळवारी. खपल्या धरेपर्यंत शाळेत यायचं नाही. जावयांनी पाळी बुडवली, तेवढा पगार गेला. मुलगी जाऊन बोलून आली. परतताना बसमध्ये रडले, म्हणाली. सादरीकरण बरं झालं होतं, तरी रडली. त्या रात्री मी तिकीट काढायला बसले. पण व्हिसाला आठवडे लागतात, कांजिण्या तेवढ्या थांबत नाहीत.

पुढं उन्हाळ्यात, प्रबंधाच्या वेळी, मी अडीच महिने राहून आले. अमेरिकेत मुलं असलेल्या घरांतून आज्यांच्या सहा-सहा महिन्यांच्या पाळ्या लागतात, एकदा तिची आई, एकदा त्याची, हे आपल्याकडं आता कुणाला नवं नाही. तिथं तर विद्यार्थ्याच्या जोडीदाराला एक डॉलरही कमावता येत नाही. मुलांना शाळेत जाता येतं, पण घरचा दुसरा माणूस शिकलेला असून हात बांधून बसतो. बहुतेक वेळा बसते.

या सगळ्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंची पत्रं पुन्हा काढली होती. १८८३ साली त्या इंग्लंडला शिकायला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती आणि नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या पैशांनी तिकिटाला हातभार लागला. डॉक्टर व्हायचं होतं, कानांनी दगा दिला. वॉन्टेजच्या ख्रिस्ती सिस्टर्सकडे राहिल्या, चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, त्याही मनोरमेला घेऊन. आनंदीबाईंचं पहिलं आणि एकुलतं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. त्या दुःखातूनच त्यांना डॉक्टर व्हावंसं वाटलं. एकीच्या हाताला पाच वर्षांची मुलगी आणि दुसरीच्या हातात पदवी. त्या दोघींनी एकमेकींकडं कसं पाहिलं असेल, यावर मी एकदा प्रकरण लिहायला घेतलं होतं. जमलं नाही.

पुढं अमेरिकेतलं काम वाढलं तेव्हा रमाबाईंनी लेकीला वॉन्टेजला परत पाठवलं. तिथं सिस्टर्सशी त्यांचे खटके उडाले, त्यात मनोरमेला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा हा मोठा वाद होता. शिक्षण दुसऱ्यांच्या आधारानं चाललेलं, मूल दुसऱ्यांच्या घरात, आणि तरी लेकीवरचा अधिकार ही बाई सोडत नाही. पूर्वी मी ही पत्रं धर्माच्या वादासाठी वाचली होती. या वेळी मला त्यात एक विद्यार्थिनी दिसली, मुलाचं काय, या प्रश्नाला रोज उत्तर देणारी.

मुलीची पदवी झाली. आता तिघं तिथंच आहेत, जावयांना त्यांच्या विषयातली नोकरी मिळाली. पण तो दरवाजा तिच्या मागं बंद झाला. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांना ब्रिटननं सुमारे १ लाख ३६ हजार व्हिसे दिले, २०१९ मध्ये ते १६ हजार होते. सरकारला आकडा जड झाला. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी, संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्त्यांसारखे थोडे अपवाद सोडले, तर कुटुंब नेता येत नाही. त्यांचा देश, त्यांचे नियम. एम.एस्सी. करायची असेल तर मूल मागं ठेवा, इतकाच त्याचा अर्थ. आणि मूल मागं ठेवून बाप जाऊ शकतो, आईला मात्र सासूबाईंना घेऊन या म्हणणारी माझ्यासारखी एखादी भेटते.

गेल्या रविवारी आमच्या समोरच्या इमारतीतली एक मुलगी नवऱ्यासह आली. मूल तीन वर्षांचं. इंग्लंड सोडून तिनं आता जर्मनी काढलंय. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी काही ठिकाणी पाळणाघरं असतात, पण नंबर लागायला वेळ लागतो. बँकेत अडकवून ठेवायची रक्कम तिची एकटीची वर्षाला ११,९०४ युरो, घरच्यांची वेगळी. मी जुन्या सवयीनं कागद ओढला, रकाने आखले. फी, भाडं, विमा, तिकिटं. खाली एक ओळ वाढवली, 'मूल'. पाळणाघर, थंडीचे कपडे, आजारपणात बुडणारे दिवस.

सगळं लिहून झाल्यावर मी चष्मा काढला आणि तिच्या नवऱ्याकडं वळून विचारलं, "तुमच्या नोकरीचं काय ठरवलंय?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोकडं पाहिलं. ती कागदावरची बेरीज तपासत होती.