जीवरसायनाचे अध्ययन आणि नीरेचे खोरे

भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या साखर कारखान्यात गाळपाचा हंगाम चालू असताना तेथील प्रयोगशाळेत पाळीपाळीने जे काम अहोरात्र चालते, त्याकडे बाहेरच्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. परंतु त्या कामाचा निकाल ‘उतारा’ या नावाने बारामती-इंदापूरच्या प्रत्येक ऊसउत्पादकाला ठाऊक असतो, कारण उसाचा दर त्या आकड्याशी बांधलेला आहे. रसाचा नमुना घेऊन त्यातील गढूळपणा साक्याच्या रूपाने खाली बसवतात, मग रस गाळून घेतात आणि वीस सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या नळीत भरून पोलॅरिमीटर नावाच्या उपकरणात ठेवतात. एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश त्या रसातून पार होताना उजवीकडे वळतो आणि तो किती अंशांनी वळला यावरून रसात साखर किती आहे याचा हिशेब मांडला जातो. तोच ऊस तोड झाल्यावर गाळपाविना उन्हात पडून राहिला, तर कांड्यांतील इन्व्हर्टेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, साखरेचा रेणू दुभंगून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागते. या दोहोंचे मिश्रण प्रकाशाला डावीकडे वळवणारे असल्यामुळे उपकरणातील आकडा उतरतो, आणि त्याबरोबर कारखान्याचा उताराही उतरतो.

जीवरसायनशास्त्र आणि जीवभौतिकशास्त्र ही दोन नावे ऐकून ज्या पालकांना हे विषय दूरदेशीचे वाटतात, त्यांच्या ध्यानात यावे की या शास्त्रांच्या पायाभरणीत हीच साखर आणि हेच उपकरण होते. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लाच्या सान्निध्यात साखर कोणत्या गतीने दुभंगते हे पोलॅरिमीटरने मोजून रासायनिक क्रियेचा वेग गणिताच्या सूत्रात बसवला. पुढे १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून तेथे आलेल्या मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेज व साखर यांच्यावरच प्रयोग करून विकरांच्या कार्यगतीचा जो नियम शोधला, तो आज जगातील प्रत्येक जीवरसायनाच्या वर्गात शिकवला जातो. साखरेचे प्रमाण वाढवावे तसा प्रथम क्रियेचा वेग वाढतो. परंतु एका मर्यादेनंतर, कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या कितीही उभ्या राहिल्या तरी गव्हाणीत घेता येईल तेवढाच ऊस ज्याप्रमाणे गाळला जातो, त्याप्रमाणे विकराचे सर्व रेणू कामात गुंतल्यावर वेग तेथेच स्थिरावतो. सजीवांच्या शरीरात कोणती द्रव्ये आहेत आणि त्यांचे रूपांतर कसे होते याचा शोध जीवरसायन घेते. त्या द्रव्यांची घडण, हालचाल आणि परस्परांवरील बले यांचे मापन जीवभौतिक करते. ही दोन शास्त्रे प्रत्यक्ष कामात एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, म्हणूनच अनेक विद्यापीठांत त्यांचे अध्ययन एकाच छत्राखाली चालते.

या अध्ययनाचा मार्ग लांबचा असला तरी अस्पष्ट नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातून विज्ञानाची पदवी घेतलेला विद्यार्थी प्रथम एम.एस्‌सी. करतो आणि मग नेट अथवा तत्सम राष्ट्रीय परीक्षा देऊन पीएच.डी.साठी पुण्यातील विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी अर्ज करतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळण्याची तजवीज २०२३ पासून झालेली आहे. तेव्हा घरावर बोजा पडेल या भीतीने बुद्धिमान मुलामुलींना या वाटेवरून परतवू नये. परीक्षेतील चुरस मात्र मोठी असते. प्रवेशानंतर कोर्सवर्क, मग गाईडच्या देखरेखीखाली स्वतःचा विषय, अखेरीस प्रबंध आणि व्हायवा असा क्रम असून त्यासाठी किमान तीन आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत नियमाने ठरवून दिलेली आहे.

या वर्षांत विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे नियमांच्या पुस्तकातून कळत नाही. वनस्पतीच्या उतीतून एखादे विकर वेगळे काढावयाचे तर ती उती थंडीत वाटावी लागते. त्या अर्कात अमोनियम सल्फेट बेताबेताने मिसळून प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसवावी लागतात. मग तो साका पुन्हा विरघळवून मिळालेला द्राव उभ्या नळीतील भरणातून थेंबाथेंबाने उतरवून गोळा केलेल्या प्रत्येक भागात विकराची क्रिया किती उरली याची नोंद करावी लागते. चार अंश सेल्सिअसच्या खोलीत सकाळपासून चाललेले हे काम एखाद्या वेळी तापमान ढळल्याने संध्याकाळी वाया जाते आणि दुसऱ्या दिवशी ते मुळापासून आरंभावे लागते. मिळालेला आकडा खरा की योगायोगाचा हे ठरवण्यासाठी तोच प्रयोग पुनःपुन्हा करणे, विकर न घालता तुलनेसाठी एक नमुना ठेवणे, आणि आवडता तर्क पुराव्यापुढे टिकत नसेल तर तो निमूटपणे सोडून देणे, ही या शिक्षणाची खरी दीक्षा होय.

महाराष्ट्राला या दीक्षेची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे तो नाकारला; परंतु त्यांनी आपला आग्रह सोडला नाही, एक वर्ष परीक्षणाची अट पत्करली आणि दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून आपली योग्यता सिद्ध केली. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करीत असताना श्वसनक्रियेला आवश्यक असलेले सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते असे त्यांनी दाखवून दिले, आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये, नीरा अशा सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवरच आपली विद्या खर्च केली.

सामान्य माणसाशी निगडित असे प्रश्न नीरा नदीच्या खोऱ्यातही आहेत. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या जिराईत मुलखात बागायत आली. परंतु पाण्याचा निचरा न झालेल्या काळ्या रानांत क्षार वर येऊन जमिनी क्षारपड होऊ लागल्या. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली, म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पिकाच्या पेशीतील अनेक विकरांना पोटॅशियम हवा असतो, आणि त्याच्याशी साम्य असलेला सोडियम आत शिरला की त्यांचे काम अडते. पोटॅशियमला वाट देऊन आकाराने लहान अशा सोडियमलाही अडवणारी प्रथिनांची मार्गिका कशी घडलेली असते, हे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जिवाणूच्या प्रथिनाचे स्फटिक तपासून उघड केले. त्यासाठी त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्षार, अवर्षण आणि उष्णता यांचा पिकांवरील ताण अभ्यासण्यासाठी बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली.

या अध्ययनाचे फळ दोन-चार वर्षांत पदरात पडत नाही, आणि पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला ताबडतोब कायम नोकरी मिळेलच असेही नाही. पालकांनी हे आधीच समजून घ्यावे. पण ज्या तालुक्यांनी कालवा, कारखाना आणि महाविद्यालय यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या कष्ट केले, त्यांनी आपल्या उसाचे आणि आपल्या जमिनीचे प्रश्न सोडवण्याचे काम कायम परक्यांवर सोपवून ठेवावे, हे योग्य नव्हे. जे मूल शिक्षकाच्या उत्तराने समाधान न पावता पुढचा प्रश्न विचारते, त्याला डॉक्टर-इंजिनिअरच्या ठरलेल्या वाटेवर ढकलण्यापूर्वी एखाद्या संशोधनसंस्थेची प्रयोगशाळा दाखवून आणावी, आणि त्याने ती वाट निवडली तर सहा वर्षे त्याला निकालाची घाई करू नये.