चेहरा निवडला, खांदा कापला गेला

वेब-एडिटरमध्ये फोटो क्रॉप करताना चौकट एका चित्रावर आखली जाते आणि कात्री दुसऱ्याच चित्रावर चालते. पडद्यावर दिसते ती फोटोची लहान केलेली प्रत. कापली जाते ती मूळ फाइल, कधी ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर तर कधी सर्व्हरवर. ही दोन चित्रे तंतोतंत जुळली तरच तुकडा बरोबर येतो. ‘क्रोममध्ये नीट कापला जातो, जुन्या आयपॅडवर मात्र भलताच भाग येतो’ अशी तक्रार आली, की ही जुळणी कुठे सुटली ते शोधायचे असते.

बहुतेक वेळा ती सुटते फोटोच्या दिशेपाशी. फोन उभा धरला तरी बरेच फोन फोटोचे पिक्सेल आडवेच साठवतात आणि फाइलीत एक टीप जोडतात : दाखवताना इतके फिरवा. ही टीप ‘एक्झिफ’ नावाच्या नोंदींमध्ये असते. हा साचा जपानमध्ये १९९५ साली ठरला. त्यातल्या ‘ओरिएंटेशन’ या नोंदीत १ ते ८ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे फोटो सरळ, ३ म्हणजे उलटा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, ८ म्हणजे तितकेच उलट दिशेने. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या पालटलेल्या फोटोंसाठी. ते क्वचितच भेटतात.

ही टीप पाळायची की नाही, यावर ब्राउझरांचे बरीच वर्षे एकमत नव्हते. आयफोनवरची सफारी वेबपानावर फोटो सरळ दाखवी, पण तोच फोटो कॅनव्हासवर उतरवला की आडवा पडे. क्रोम वेबपानावर ही टीप जुमानतच नसे. त्यामुळे एडिटर लिहिणाऱ्यांनी टीप स्वतः वाचून फोटो फिरवणारा कोड लिहिला. पुढे २०२० मध्ये मार्चला सफारी १३.१, एप्रिलला क्रोम ८१ आणि जूनला फायरफॉक्स ७७ आले, आणि टीपेप्रमाणे फोटो आपोआप फिरवणे हीच सगळीकडची रीत झाली. बदल योग्य होता आणि खरे तर फार आधी व्हायला हवा होता. पण अनेक एडिटरांतला जुना कोड तसाच राहिला, आणि ब्राउझरने एकदा सरळ केलेला फोटो त्याने पुन्हा फिरवला.

चूक नेमकी कशी दिसते ते एका फोटोवर पाहता येते. उभ्या धरलेल्या फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो सरळ केल्यावर ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा होतो. फाइलीत मात्र तो ४०३२ × ३०२४ असा आडवा पडलेला असतो, डोके डावीकडे. एडिटरमध्ये तो ५०४ × ६७२ आकारात दिसतो, म्हणजे प्रमाण सहाचे. चेहऱ्याभोवतीची चौकट डावीकडून १५० आणि वरून ५० वर सुरू होते, तिची बाजू १६०. सहाने गुणले की ९००, ३०० आणि ९६०. सर्व्हरने टीप न वाचता हेच आकडे आडव्या पिक्सेलांवर वापरले, तर सरळ फोटोत डावीकडून १७६४ आणि वरून ९०० वर असलेला भाग हाती येतो. तिथे चेहरा नसतो. खांदा आणि मागची भिंत असते, तीही आडवी झालेली. आडव्या पिक्सेलांतली खरी जागा ३०० आणि ११६४ ही होती.

शोध घेताना आधी खासगी खिडकीत, एक्स्टेंशने बंद ठेवून तोच फोटो कापून पाहावा. कॅशेत अडकलेला जुना कोड असेल तर तो तिथेच उघडा पडतो. मग एक स्क्रीनशॉट कापावा. स्क्रीनशॉटला फिरवण्याची टीप नसते. तो नीट कापला गेला आणि फोनचा उभा फोटो चुकला, तर संशय दिशेवर पक्का होतो. यानंतर चार कोपऱ्यांना चार रंग असलेले चित्र करून, त्याला ६ ही नोंद देऊन ते दोन्ही ब्राउझरांत कापावे. कोणता रंग कुठे गेला यावरून फोटो किती वेळा फिरला ते सरळ मोजता येते. कात्री सर्व्हरवर असेल तर ब्राउझरने पाठवलेले आकडेही तपासावेत. ते बरोबर असतील तर दोष सर्व्हरकडचा. पायथॉनमधली पिलो ही लायब्ररी, उदाहरणार्थ, फोटो उघडताना आपणहून फिरवत नाही. तसे तिला वेगळे सांगावे लागते.

दुरुस्ती करताना ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती बघून फाटे फोडण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. अशी यादी दर काही महिन्यांनी शिळी होते. त्याऐवजी ६ ही नोंद असलेले, दोन पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असे चिमुकले चित्र ब्राउझरला द्यावे आणि त्याची रुंदी विचारावी. उत्तर एक आले तर ब्राउझर स्वतः फिरवतो, दोन आले तर नाही. त्याहून भक्कम उपाय म्हणजे फोटो चढवतानाच पिक्सेल एकदा सरळ करून टीप १ वर आणणे. मग पुढे कोणी ती वाचो वा न वाचो, फरक पडत नाही. वर्डप्रेसने नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून फोटो चढवतानाच सरळ करायला सुरुवात केली.

तुकडा चुकीचा नव्हे तर कोराच आला, आणि तोही फक्त आयफोनवर, तर कारण वेगळे असते. तिथल्या सफारीत कॅनव्हासला दीर्घकाळ १,६७,७७,२१६ पिक्सेलांची, म्हणजे ४०९६ × ४०९६ची मर्यादा राहिली आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो तीत बसतो. आयफोन १४ प्रोचा ८०६४ × ६०४८चा फोटो जवळजवळ तिप्पट भरतो. अशा वेळी अख्खा फोटो कॅनव्हासवर न उतरवता निवडलेला चौकोन तेवढा उतरवावा, किंवा फोटो आधी लहान करून घ्यावा. लहान केलाच तर चौकटीचे आकडेही त्याच प्रमाणात कमी करावे लागतात; ते राहून गेले की पुन्हा खांदाच कापला जातो.