परभणीचा उन्हाळा आणि घरचा संग्रह

लग्नाच्या चित्रफिती, चातुर्मासातील प्रवचनांचे ध्वनिमुद्रण, आजोबांचे फोटो हे सारे आता काही घरांत एका लहानशा सर्व्हरमध्ये साठविले जाते. जुना संगणक, दोन हार्ड डिस्क आणि विनामूल्य मिळणारी ओपनमीडियाव्हॉल्टसारखी प्रणाली एवढ्यावर तो उभा राहतो. खरी परीक्षा मे महिन्यात होते. पंख्याने कितीही वारा घातला, तरी डिस्क खोलीतील हवेहून थंड होत नाही. खोलीतच 38 अंश भरले, तर डिस्क 45 च्या आत राखणे हेच पुष्कळ. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. म्हणून सर्व्हर पत्र्याखाली, माळ्यावर वा दुकानाच्या बंद कपाटात मुळीच ठेवू नये; तळमजल्यावरील सावलीची खोली उत्तम. दोन डिस्कमध्ये बोटभर फट सोडावी. पंखा समोरून हवा ओढणारा असावा व त्यावर बारीक जाळी लावावी. धूळ अडते, जीवजंतूही आत जात नाहीत.

दोन्ही डिस्कवर एकच संग्रह असला, तरी चोरी वा आग दोन्ही एकदमच नेते. धवलेची ताडपत्रे मूडबिद्रीत होती; त्यांची नक्कल बाहेर आली, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांना 1939 मध्ये अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित करता आला. तेव्हा तिसरी प्रत जिंतूरच्या मामांकडे किंवा पुण्याच्या लेकीकडे ठेवावी, आणि दर दिवाळीला वह्यांबरोबर तीही ताजी करावी.