घाटवाट राखायची तर

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. येणारे बहुतेक जण चैत्यगृह पाहतात, बुद्धमूर्तींपुढे थोडे थांबतात आणि परततात. तिथल्या शिलालेखांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कुणी लेणे खोदवले, कुणी पाण्याची पोढी दिली, कुणी बसायला कट्टा दिला, असे त्या लेखांत नोंदलेले आहे. त्यातच कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहाराने वाट दान केल्याचीही नोंद आहे. सावकार-व्यापाऱ्यांच्या दानांशेजारी एका कारागिराची पायवाट दगडावर कोरली गेली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाट करून देणे आणि ती राखणे हे आपल्याकडे पुण्यकर्म होते. नाणेघाटासारखी जुन्नर-कल्याण जोडणारी वाट दोन हजार वर्षे चालती राहिली, ती कुणाच्या तरी हातांनी राखली म्हणूनच.

आज त्याच कल्याणवरून मध्यरात्रीची शेवटची कसारा लोकल जाते. घाटकोपर, मुलुंडला पाठपिशव्या घेतलेली मंडळी तिच्यात चढतात. अंधेरीची मुले मेट्रोने घाटकोपरला येऊन थांबलेली असतात, बोरिवलीची दादरला गाडी बदलून. पहाटे कसाऱ्याला उतरायचे आणि जीपने घोटी, शेंडी, घाटघर करत साम्रदला पोचायचे. रतनगडाच्या कुशीतले हे अकोले तालुक्यातले गाव आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे ते सांदण दरीमुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत पडलेली ही घळ दोन किलोमीटरच्या आसपास लांब आहे. काही ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की हात पसरले तर दोन्हीकडे कातळ लागावा. दरी संपते तिथून खाली कोकणात डेहणे, आणि परत वर यायला करोली घाटाची वाट.

या भागात चालणारे वाढले, त्या मानाने वाटा राखणारे वाढले नाहीत. खरे तर पावलांनी वाट जितकी झिजते, त्याहून जास्त ती पाण्याने तुटते. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. चार महिने कोसळणाऱ्या पावसाला उतरायला सोपी जागा हवी असते आणि माणसांनी घट्ट तुडवलेली पायवाट त्याला आयती मिळते. वाटेवरून पाणी वाहू लागले की आधी माती जाते, मग बारीक खडी, मग मोठे दगड सुटे होतात. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. मग चालणारे बाजूच्या गवतातून जातात, तिथे दुसरी वाट पडते आणि तीही तशीच वाहून जाते. नागमोडी वाटेची वळणे टाळून सरळ खाली उतरणारी आडवाट तर सगळ्यात घातक, कारण ती पाण्याला थेट उतार देते. दहा मिनिटे वाचवणाऱ्या माणसामुळे अख्खा उतार उघडा पडतो.

म्हणून वाटेच्या श्रमदानाचे पहिले काम म्हणजे पाणी वाटेवरून बाहेर काढणे. हे समजल्याशिवाय पहार हातात घेऊ नये, असे मी म्हणेन. उत्साहाच्या भरात लोक झाडोरा तोडतात, दगड रचतात, पायऱ्या करतात आणि पहिल्याच पावसात सगळे खाली जाते.

आमच्या शिबिरात हे शिकवले ते गावातल्या एका आजोबांनी. आदल्या रात्री त्यांच्याच अंगणात तंबू लावले होते, जेवायला पिठलं आणि तांदळाची भाकरी होती. सकाळी ते आमच्या आधी चढणीवर जाऊन बसलेले. पहार, कुदळ, टिकाव, घमेली, सुतळी घेऊन आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी काठीने वाटेवर एक तिरपी रेघ ओढली. वाटेच्या काटकोनात नाही, उताराच्या दिशेने कललेली. त्या रेघेवर गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत चर खणायला लावला. मग दगड आणायला सांगितले. मुलुंडच्या दोन तरुणांनी मोठ्या मेहनतीने लोटत आणलेला दगड त्यांनी नुसता पाहिला आणि म्हणाले, “ह्याचं तोंड फिरवा. रुंद अंग खाली येऊ द्या.” दगड फिरवला. चरात टेकल्यावर त्यावर उभे राहून त्यांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला. तो किंचित डुगला. “काढा. खाली बैठक नाही त्याला.” पुन्हा काढला, तळ साफ केला, पुन्हा बसवला. चौथ्या खेपेला तो हलला नाही. मग फटींत छोट्या चिपा ठोकल्या, वरच्या अंगाला माती दाबली. असे पाच दगड एकमेकांना भिडवून बसवले. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत, वर दिसतो तो जेमतेम टाचेएवढा. शेवटचा दगड वाटेच्या कडेपलीकडे गेला पाहिजे, नाहीतर पाणी वळसा घालून परत वाटेवर येते. या एका आडव्या बांधाला सहा जणांची सकाळ गेली. खड्या चढावर असे बांध थोड्या थोड्या अंतरावर लागतात.

सिमेंटचा तिथे काही उपयोग नाही. पाण्याला झिरपायला जागा न देणारे काम मागून पोखरले जाते आणि एकदम कोसळते. कोकणात शेताभोवती रचतात तो गडगा वर्षानुवर्षे उभा राहतो, कारण त्याच्या फटींतून पाणी जाते. वाटेची खालची कड सावरायला तोच चांगला.

सांदणमध्ये मात्र यातले काही करू नये. ती पाण्याचीच जागा आहे. प्रत्येक पावसाळ्यात लोंढा मोठमोठे धोंडे हलवतो, डोह बदलतो. तिथे पायऱ्या, कठडे, बाण यांची गरज नाही. तिथले काम एकच, माणसांनी टाकलेले उचलून बाहेर आणणे: बाटल्या, वेफर्सची पाकिटे, कातळात अडकलेले दोराचे तुकडे. पावसाळ्यात दरीत उतरायचेच नाही. वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचे पाणी अरुंद घळीत क्षणात चढते आणि पळायला बाजू नसते.

परवानगीचा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळता येत नाही. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाला विचारल्याशिवाय तिथे झुडूप तोडणे किंवा दगड हलवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली अडचणीचे ठरू शकते. किल्ला केंद्राच्या वा राज्याच्या संरक्षणात असेल तर पुरातत्त्व विभागाची लेखी संमती लागते. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मानांकन मिळाले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे गर्दी वाढेल आणि हौशी डागडुजीचा मोहही. तटाच्या फटीत वाढलेला पिंपळ उपटायला गेले की चिरे सुटतात, हे ठाऊक नसलेल्यांनी तिथे हात न लावलेलाच बरा.

रीतसर काम करणाऱ्यांची उदाहरणे आपल्याकडे आहेत. दुर्गवीर प्रतिष्ठानची मंडळी सुट्टीच्या दिवशी रायगड जिल्ह्यातल्या मानगड, सुरगडावर जातात. माती उपसतात, वाट मोकळी करतात, दिशादर्शक फलक लावतात. त्या फलकांमुळे चुकामूक टळलेली कितीतरी माणसे असतील. उंचीने आणि नावाने लहान असलेल्या किल्ल्यांना त्यांनी हात लावला, याचे मला विशेष कौतुक आहे. मोठ्या गडावर श्रमदानाला गर्दी होते. अशा आडबाजूच्या वाटेला कुणी वाली नसतो.

अमेरिकेत ग्रँड कॅनियनच्या वाटांवर १९३३ नंतर बेरोजगार तरुणांच्या सरकारी पथकांनी कातळ फोडून काम केले. ते पगारी होते. पण पूर्वेकडची सुमारे ३,५०० किलोमीटरची ॲपलाचियन पायवाट, जी १९३७ मध्ये पूर्ण जोडली गेली, ती आजही प्रामुख्याने स्वयंसेवक राखतात. त्यांची पद्धत आपण घ्यावी अशी आहे. वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एका स्थानिक मंडळाकडे दिलेला असतो. तोच तुकडा, दरवर्षी. आपल्या उपनगरांत गिर्यारोहण मंडळांची कमी नाही. एकेका मंडळाने एकेक घाट कायमचा घेतला, तर गावकऱ्यांशी ओळख टिकेल आणि गेल्या वर्षीचा बांध का वाहून गेला हेही त्यांनाच पाहायला मिळेल. गावकरी या वाटांनी बाजाराला, नातेवाइकांकडे, गुरांमागे जातात. कुठला दगड हलवायचा नाही हे त्यांना विचारूनच ठरवावे, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्यावी. आपण हौसेने येतो, त्यांचा कामाचा दिवस मोडतो.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चामडी हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. दगडाखाली बोटे घालण्याआधी तो पहारेने स्वतःच्या बाजूला उचलावा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असला तर त्याला पलीकडे जायला वाट मिळते. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. घाणेरी आणि रानमोडी मुळासकट काढावी. कारवी राखावी, तिची मुळे उताराची माती धरून ठेवतात.

दिवाळीनंतर जमीन अजून ओलसर असते, कुदळ सहज लागते, म्हणून मोठी शिबिरे तेव्हा घ्यावीत. दुसरी फेरी मेच्या अखेरीस हवी, आणि तीच सहसा राहून जाते. तोवर बांधांच्या वरच्या अंगाला पाचोळा आणि गाळ साठलेला असतो. तो काढला नाही तर पहिल्या पावसाचे पाणी बांधावरून उडी मारून पुन्हा वाटेवर येते. या फेरीला माणसेही फार लागत नाहीत. चार जण, दोन फावडी, एक कोयता. उन्हाच्या आत काम उरकते आणि संध्याकाळची कसारा लोकल मिळते.